अकरा चादरी, एक नाव

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात चाळीस माणसं कामाला होती. त्यांतल्या एकोणचाळिसांचं एका बाबतीत एकमत होतं, की डागांच्या टेबलावरच्या बाई कामाला चोख आहेत आणि माणूस म्हणून असह्य आहेत. चाळिसाव्या त्या स्वतःच, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीतच राहिलं होतं. सगळे त्यांना कशावरूनबाई म्हणायचे. कुणी येऊन म्हटलं, "वरच्या खोलीत दिवा दिसत नाही, म्हणजे मालकीणबाई आज आल्या नाहीत," की टेबलामागून आवाज यायचाच, "कशावरून? दिवा गेला असेल. त्या खिडकीपाशी बसल्या असतील." बोलणारा तोंड पाडून निघून जायचा. पाठ दुखते म्हणून बाई एकदा डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, हे औषध घेतलेले सगळे पेशंट मला बरे झाल्याचं सांगतात. बाई म्हणाल्या, "जे बरे झाले नाहीत ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील. ते तुम्हाला कशाला सांगायला येतील?" त्यानंतर त्या दवाखान्यात बाईंचा नंबर नेहमी सगळ्यात शेवटी लागायचा. नवरा होता तेव्हा तो एकदा जेवताना म्हणाला, कुठल्याही घरातली बाई नवऱ्याशी असा वाद घालत नाही. बाईंनी विचारलं, "किती घरं बघितलीत?" नवऱ्यानं ताट सरकवलं. वर्षभरात तो आपल्या भावाकडे राहायला गेला तो गेलाच. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण आपला मुद्दा बरोबर होता याचं समाधान त्याहून मोठं होतं. आता अशा बाईला काय म्हणावं?

पण हीच खोड त्यांची रोजीरोटी होती. डाग काही आपलं नाव लिहून येत नाही. उशीच्या अभ्र्यावर पिवळं वर्तुळ दिसतं, ते तेलाचं असेल, औषधाचं असेल, गंजाचंही असेल. चुकीचं औषध लावलं की डाग कापडात कायमचा बसतो. म्हणून बाई आधी वास घेत, बोटानं चाचपत, उजेडात धरत आणि एक अंदाज बांधत. मग तो कापडाच्या कडेला, कुणाला न दिसेल अशा जागी, थेंबभर औषध लावून पडताळत. चुकला तर मुकाट्यानं सोडून देत. अंदाज म्हणजे भाड्याची खोली, त्या म्हणत, सोडायची वेळ आली की भांडीकुंडी उचलायची. एकोणीस वर्षं त्या अशाच जगल्या. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज कधी बदलला नाही. मुकादम मठ्ठ आहे हा त्यांचा अंदाज पहिल्याच आठवड्यातला, आणि तो त्यांनी कधीच कडेला थेंब लावून पाहिला नव्हता.

मुकादमही त्यांना पाण्यात पाहायचा. चार वर्षांपूर्वी इस्त्रीच्या रोलरवर टेबलक्लॉथ जळाले, त्या वेळी मुकादम झोपला होता, हे बाईंनी सगळ्यांसमोर घड्याळ दाखवून सिद्ध केलं होतं. तेव्हापासून तो वाट पाहत होता.

ती वेळ एका मंगळवारी सकाळी आली. मोठ्या हॉटेलच्या साठ पांढऱ्या चादरी मशीनमधून निघाल्या आणि त्यांतल्या अकरांना भोकं होती. फाटलेली नव्हेत. कुणी बोटानं दाबून कापड विरघळवावं तशी, कडा पिवळट असलेली भोकं. मुकादमानं त्या अकराही चादरी मधल्या दोरीवर टांगल्या, सगळ्यांना दिसतील अशा, आणि मालकीणबाईंना खाली बोलावलं.

"यात कोडं काही नाही मॅडम," तो म्हणाला. "धुवायच्या आधी चादरी धड होत्या. धुतल्यावर भोकं पडली. म्हणजे धुण्यानं पडली. ब्लीच मोजून देतं कोण? बाई."

बाई टेबलामागून उठल्या. "मुकादम, आधी तुम्ही इथे आलात आणि मग मॅडम आल्या. म्हणजे त्या आल्या त्याचं कारण तुम्ही का?"

"मीच बोलावलं त्यांना."

"मग हे उदाहरण चुकलं," बाई म्हणाल्या, आणि लोक हसले. बाईंना हसण्याशी देणंघेणं नव्हतं. "दुसरं घ्या. तुम्ही चहा प्यायलात आणि त्यानंतर भोंगा झाला. भोंगा काय चहानं होतो? एकामागून एक झालं एवढंच तुम्ही बघितलंत. एकामुळे दुसरं झालं हे अजून दाखवायचंय."

मुकादमाचे कान लाल झाले. "मागे दोनदा यांच्या हातून कापड गेलंय. हे तिसरं."

"एकोणीस वर्षांत दोनदा. जी गेली नाहीत ती मोजलीत? दोन दिवस ऊन पडलं म्हणून छत्री कायमची विकून टाकणाऱ्यांतले तुम्ही."

"स्वयंपाकात मीठ जास्त पडलं की दोष रांधणाऱ्याचा असतो बाई, पातेल्याचा नाही!"

"हे बरं बोललात," बाई म्हणाल्या, आणि त्या अशा गोड आवाजात बोलल्या की ओळखणाऱ्यांना पुढचं कळलं. "मीठ जास्त झालं तर सगळं पातेलं खारट होतं. एकच घास खारट होत नाही. या साठ चादरी एका मशीनमध्ये, एका पाण्यात, एका ब्लीचमध्ये होत्या. ब्लीच जास्त झालं असतं तर साठच्या साठ गेल्या असत्या. एकोणपन्नास धड आहेत. म्हणजे ब्लीच जास्त नव्हतं. यात 'बहुतेक' नाही की 'असेल' नाही. पहिली दोन वाक्यं मान्य असतील तर तिसरं मान्य करावंच लागतं."

मुकादमानं सगळ्यांकडे वळून हात पसरले. "नोकरी जायची वेळ आली की माणूस काहीही बोलतो. त्या दुसरं काय म्हणणार?"

"मी का बोलते ते सोडा," बाई कडाडल्या. "मी काय बोलते ते खोडा."

मालकीणबाई तरुण होत्या, वडिलांच्या माघारी कारखाना बघत होत्या, आणि त्यांना या दोघांच्या भांडणाचा वीट आला होता. "हॉटेलचा माणूस पाच वाजता येणार आहे," त्या म्हणाल्या. "जबाबदार कोण ते सांगितलं नाही तर ते काम दुसरीकडे नेतील. मला त्याला एक नाव द्यायचंय. ज्याचं नाव देईन त्याची नोकरी राहणार नाही. ब्लीच नाही हे पटलं, बाई, पण 'हे नाही' म्हणजे उत्तर नव्हे. पाचपर्यंत खरं कारण सापडलं नाही तर नाव तुमचंच जाईल."

दुपारच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन मागे गेले तेव्हा बाई जागच्या हलल्या नाहीत. कडा पिवळ्या, कापड विरघळल्यासारखं, आणि भोकं अकराही चादरींना घडीच्या एकाच कोपऱ्यात. अशी भोकं अ‍ॅसिडनं पडतात. सुती कापडावर अ‍ॅसिड सांडून वाळलं की वरून काही दिसत नाही, धागा आतून मेलेला असतो, आणि धुताना तो गळून पडतो. अंदाज चांगला होता, पण पडताळायला हवा होता. गाडीच्या त्याच फेरीत आलेलं हॉटेलचं दुसरं गाठोडं अजून कोपऱ्यात बांधलेलं पडलं होतं. आपलं म्हणणं खरं असेल, बाईंनी स्वतःला बजावलं, तर त्यातही तळाशी अ‍ॅसिड सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर आपण चुकलो.

शेवटच्या पाण्याची तपासणी करायच्या निळ्या कागदी पट्ट्या त्यांच्या खणात असायच्या. आंबट पाणी लागलं की त्या लाल होतात. बाईंनी गाठोडं उलटं केलं, तळाच्या फडक्यावर चार थेंब पाणी टाकलं आणि पट्टी दाबली. लाल! बाईंच्या तोंडावर हसू फुललं. फडक्याच्या बाहेरच्या बाजूला पट्टी लालभडक होत होती, आतल्या बाजूला जेमतेम. म्हणजे अ‍ॅसिड बाहेरून, खालून आलं होतं, गाठ बांधल्यानंतर.

एखाद्या शहाण्या माणसानं इथे डबा उघडून जेवायला घेतलं असतं. पण एका पट्टीवर विसंबायची बाईंना सवय नव्हती. त्यांनी त्याच फेरीतलं शेजारचं गाठोडं उलटं केलं, दातांच्या दवाखान्यातल्या टॉवेलांचं. दवाखान्याचा आणि हॉटेलचा काही संबंध नव्हता. तिथे पट्टी निळी राहील आणि अ‍ॅसिड हॉटेलातलं ठरेल, अशी त्यांची खात्री होती. पट्टी लाल झाली.

बाई उकिडव्या बसून राहिल्या. आधल्या दिवशीच्या फेरीतली दोन गाठोडी तपासली, ती निळी. म्हणजे फक्त त्या फेरीतली गाठोडी आंबट होती, मग ती कुठूनही आलेली असोत. दोन ठिकाणच्या गाठोड्यांमध्ये एकच गोष्ट सारखी होती, ती म्हणजे त्यांना आणणारी गाडी. आणि गाडी चालवायचा बाईंचा धाकटा भाऊ.

भावाला ही नोकरी बाईंनीच लावून दिली होती, आणि त्यानंतर दोघांचं कधी धड बोलणं झालं नव्हतं. म्हातारी आई भावाकडे असायची. ती कुणी सांभाळायची यावरून त्यांची तोंडं एकमेकांना वाकडी झाली होती, आणि हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

तो आवारात गाडीला टेकून उभा होता. बाईंनी मागचं दार उघडलं. फळ्यांवर एक चौकोनी ओलसर डाग होता, मोटारीच्या बॅटरीएवढा.

"बॅटऱ्या नेतोस ना गॅरेजवाल्याच्या? कपड्यांच्या गाडीत?"

"तुला काय करायचंय?"

"त्यातली एक कलंडली. तिच्या अ‍ॅसिडनं अकरा चादरी गेल्या. पाच वाजता नाव द्यायचंय."

भावानं बहिणीकडे नीट पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "दे की. माझी नोकरी गेली की आईला तुझ्या दारात आणून सोडतो. एका खोलीत कुठे ठेवायची ते तू ठरव. तू हुशार आहेस, ताई. काढ काहीतरी शोधून."

बाईंना संताप आला. पण दारात येऊन बसलेली आई त्यांना डोळ्यांसमोर दिसली, तिचं अंथरूण, तिची औषधं, रात्रभराचा खोकला. "धुण्याचा सोडा टाकून फळ्या घासून काढ," त्या दात आवळून म्हणाल्या. "आत्ता. नाहीतर उद्या आणखी जातील." आत येऊन त्यांनी दवाखान्याचं गाठोडं सोड्याच्या पाण्यात बुडवलं आणि त्याची लाल पट्टी चुरगाळून गटारात टाकली.

पाच वाजता बाईंनी हॉटेलच्या माणसासमोर पट्टी लाल करून दाखवली. तोपर्यंतचा एकेक शब्द खरा होता. पुढे त्या म्हणाल्या, "गाठोडं खालून भिजलंय. तुमच्याकडे बांधलेली गाठोडी कुठे ठेवतात? मोरीच्या बोळात ना? मोरी धुवायचं अ‍ॅसिडही तिथेच असणार. जिथे अ‍ॅसिड तिथेच गाठोडं, तर ते आलं कुठून हे वेगळं सांगायला नको." हॉटेलच्या माणसानं मान डोलावली. मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. मुकादमानं दोरीवरच्या चादरी काढायला घेतल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंचा मुद्दा लंगडा होता, आणि पहिल्यांदाच तो सगळ्यांना एका झटक्यात पटला.

नाव दिलं गेलं. हॉटेलात खोल्या आवरून गाठोडी बांधणाऱ्या एका बाईचं.

ती शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या फाटकाशी आली. चाळिशीची, काटकुळी, हातात पिशवी. "पट्टीवाल्या बाई कोण?" तिनं विचारलं. बाई पुढे झाल्या. मागे मुकादम आणि चारदोन माणसं येऊन उभी राहिली.

"मला काढलं," ती म्हणाली. "रडायला नाही आले. एक विचारायचंय. मोरीचं अ‍ॅसिड आमच्याकडे तळमजल्यावर कुलपात असतं. किल्ली आमच्या झाडूवाल्यांच्या मुकादमाकडे. माझी गाठोडी मी तिसऱ्या मजल्यावर बांधते, तिथून लिफ्टनं थेट गाडीपाशी येतात. बोळात ती कधी ठेवतच नाहीत. मग अ‍ॅसिड माझ्या गाठोड्याला लागलं कसं? आणि बोळात सांडलं असतं तर आमच्या पायपुसण्यांनाही भोकं पडली असती. ती धड आहेत. मी बघून आले."

बाई ऐकत राहिल्या. शाळेचं तोंडही न पाहिलेली ती बाई एकावर एक असे मुद्दे रचत होती की बोट ठेवायला जागा नव्हती. असं बोलणारं माणूस भेटावं म्हणून बाई जन्मभर तडफडल्या होत्या. आणि ते भेटलं ते असं! सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भाऊ गाडीपाशी उभा होता.

"नोकरी गेली की माणूस काहीही बोलतो," बाई म्हणाल्या. "तू दुसरं काय म्हणणार?"

मुकादम खो खो हसला. खोल्या आवरणारीनं बाईंकडे असं पाहिलं, जसं आपण एखाद्या दुकानदाराच्या खोट्या तराजूकडे पाहतो आणि मग दुकानच सोडतो. "एवढंच होय," ती म्हणाली आणि निघून गेली.

बाईंना तिची दया आली असं म्हणता येणार नाही. त्यांना स्वतःची किळस आली. मुकादमाच्या तोंडी शोभणारा भिकार मुद्दा त्यांनी वापरला होता, आणि तोही बरोबर बोलणाऱ्या माणसाविरुद्ध. तासभर त्यांनी एकाच अभ्र्यावरचा एकच डाग घासला. अभ्रा फाटला. मग त्या उठल्या, जिना चढल्या आणि मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी खोटं बोलले. अ‍ॅसिड हॉटेलातलं नाही. आपल्या गाडीतलं आहे." त्यांनी सगळं सांगितलं, बॅटऱ्या, दवाखान्याचं गाठोडं, भाऊ, आई. "त्या बाईला परत घ्यायला सांगा. नाव माझं द्या, नाहीतर भावाचं द्या."

मालकीणबाई उठल्या. मुकादमाला हाक मारून त्या आवारात गेल्या. भावानं स्वतःहून मागचं दार उघडून दिलं. बाई गुडघ्यावर बसल्या, फळ्यांवर पाणी शिंपडलं, पट्टी दाबली. निळी. दुसऱ्या कोपऱ्यात दाबली. निळी. फळ्यांच्या फटीत पट्टी खुपसली, तीही निळीच निघाली. सांगितलेलं काम भावानं आयुष्यात पहिल्यांदाच नीट केलं होतं.

"दवाखान्याचं गाठोडं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"धुतलं."

"कुणी?"

"मी."

"आणि ती लाल पट्टी?"

"टाकून दिली."

"गॅरेजवाल्याला विचारा ना," भाऊ म्हणाला, आणि तो इतक्या सहज म्हणाला की गॅरेजवाला काय सांगणार हे बाईंना कळून चुकलं. "आईवरून ताईचा माझ्यावर राग आहे, मॅडम. जुना आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"आहे खरा," मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात तेव्हा कुत्सितपणाही नव्हता. त्याला ते खरंच पटलं होतं.

बाई उठल्या. गुडघ्यांवर ओले डाग पडले होते. दाखवायला हातात काही नव्हतं, मांडायला मुद्दा नव्हता. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, मग मालकीणबाईंकडे.

"मॅडम, माझ्याकडे पुरावा नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला. "पण मी सांगते ते खरं आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

मालकीणबाईंनी निळी पट्टी त्यांच्या हातातून घेतली, पाहिली आणि परत दिली.

"काल हॉटेलातल्या त्या बाईचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "तीही हेच म्हणत होती. मी तिला सांगितलं, आमच्या बाई पुराव्याशिवाय बोलत नाहीत."